घर, जमीन आणि कायदा : जबलपूर शहराच्या आधारे

जबलपुरात घर विकत घेणाऱ्या कुटुंबापुढे बहुधा दोन प्रश्न असतात. किंमत किती, आणि ताबा केव्हा मिळणार? यांच्याही आधी विचारावयाचा तिसरा प्रश्न, म्हणजे विकणाऱ्याला ती वास्तू विकण्याचा अधिकार आहे काय, हा पुष्कळदा विचारला जात नाही. तो विचारावयाचे राहून गेल्यामुळेच नंतरची वीस-वीस वर्षे न्यायालयात जातात. उदाहरणादाखल असे समजावे की, एक कामगार येथील तोफगाडी कारखान्यातून निवृत्त झाला आहे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आली आहे आणि ती देऊन तो एक जुने घर घेऊ इच्छितो. ही त्याच्या आयुष्यातील पहिली आणि शेवटची खरेदी आहे. ती चुकली तर ती चूक दुरुस्त करण्यास त्याच्यापाशी ना दुसरी रक्कम आहे, ना दुसरे आयुष्य. स्थावर मालमत्तेच्या कायद्याचे महत्त्व समजून घ्यावयाचे ते अशा माणसाच्या दृष्टीने.

जबलपूरचे उदाहरण अनेक दृष्टींनी बोधप्रद आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा हा मुलूख. १७८१ मध्ये तो सागरच्या मराठ्यांकडे गेला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पुढे सागर-नर्मदा प्रदेश आणि १८६१ पासून मध्य प्रांत असे त्याचे प्रशासकीय अवतार झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात स्थापन झाले. प्रत्येक राजवटीने जमिनीवर आपापले हक्क निर्माण केले. राजवटी गेल्या, परंतु त्यांनी निर्माण केलेले हक्क मात्र दप्तरात राहिले. शहरातील कोणत्याही दोन घरांच्या भिंती एकमेकींना लागून असल्या, तरी त्यांच्याखालील जमिनीचा कायदा एकच असेल असे येथे गृहीत धरता येत नाही.

जमीन कोणाची?

सर्वसामान्य माणूस घर आणि जमीन यांत भेद करीत नाही. कायदा मात्र तो करतो. जबलपुरातील अनेक घरांची जमीन ‘नझूल’ म्हणून ओळखली जाते. नझूल म्हणजे शहराच्या हद्दीतील सरकारी मालकीची जमीन. नेपियर टाउन, राइट टाउन यांसारख्या ब्रिटिश काळात आखलेल्या भागांत अनेक भूखंड मालकीने नव्हे, तर पट्ट्याने दिले गेले. असा पट्टा सामान्यतः तीस वर्षांचा असतो. आरंभी नजराणा, नंतर दरवर्षी भुईभाडे आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण, असा त्याचा क्रम असतो. पट्टेदाराने बांधलेले घर त्याचे असते, परंतु जमिनीवरील त्याचा हक्क पट्ट्याच्या अटींपुरता मर्यादित असतो. निवासासाठी दिलेल्या भूखंडावर दुकान काढले, भुईभाडे थकविले किंवा नूतनीकरण करून घेतले नाही, तर अटींचा भंग होतो आणि शासनास पट्टा संपुष्टात आणण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून असे घर घेणाऱ्याने आधी मूळ पट्टा पाहावा. त्याची मुदत केव्हा संपते, अखेरचे नूतनीकरण केव्हा झाले आणि हस्तांतरणास परवानगी लागते काय, या तीन गोष्टी त्यातून कळतात. विक्रेत्यापाशी पट्ट्याची पाचच वर्षे उरली असतील, तर तो पाचच वर्षांचा हक्क विकू शकतो. कोणासही आपल्यापाशी असलेल्या हक्काहून अधिक हक्क दुसऱ्यास देता येत नाही, हे या सर्व कायद्याचे मूलतत्त्व होय.

छावणीच्या हद्दीत परिस्थिती आणखी निराळी आहे. तेथील जुन्या बंगल्यांची मुळे १२ सप्टेंबर १८३६ च्या गव्हर्नर जनरलच्या १७९ क्रमांकाच्या आदेशापर्यंत जातात. बंगाल प्रेसिडेन्सीच्या लष्करी छावण्यांसाठी हा आदेश काढण्यात आला होता. त्यानुसार बंगला बांधणाऱ्यास जमिनीची मालकी मिळत नसे. एक महिन्याची सूचना देऊन आणि अधिकृत बांधकामाची किंमत चुकती करून सरकार जमीन परत घेऊ शके. लष्कराबाहेरील व्यक्तीस बंगला विकावयाचा झाल्यास छावणीप्रमुखाची संमती लागे. स्वातंत्र्यानंतरही न्यायालयांनी या अटी ग्राह्य मानल्या आहेत, आणि छावणीच्या जमीन नोंदवहीतील नोंदींना पुरावा म्हणून महत्त्व दिले आहे. पिढ्यानपिढ्या अशा बंगल्यात राहणाऱ्या कुटुंबास तो आपल्या मालकीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दीर्घकाळ राहिल्याने अनुदानाच्या अटी बदलत नाहीत.

शहराच्या कडेला, जेथे पूर्वी खेडी होती आणि आज वसाहती आहेत, तेथे मालगुजारीचा प्रश्न येतो. मध्य प्रांतात मालगुजार हा गावाचा मालक मानला जाई. मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क राज्याकडे निहित झाले. घरठाणे आणि स्वतःच्या वहितीची जमीन यांसारखे काही हक्क मालगुजाराकडे राहिले, परंतु गावची पडीत जमीन, चराई आणि जंगल त्याचे राहिले नाही. म्हणून १९५१ नंतर एखाद्या मालगुजाराने पडीत जमीन विकल्याचे जुने कागद कोणी दाखविल्यास त्यावर विसंबून चालत नाही.

यात दोन गोष्टींची भर घालावयास हवी. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या कक्षेत जबलपूर शहर होते. हा कायदा १९९९ मध्ये केंद्राने रद्द केला आणि मध्य प्रदेशात ते निरसन २००० मध्ये लागू झाले. परंतु निरसनापूर्वी शासनाने ज्या अतिरिक्त जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेतला होता, ती मूळ मालकास परत मिळाली नाही. नुसती कागदोपत्री ताब्याची नोंद पुरेशी नाही, ताबा वस्तुतः घेतलेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. दुसरी गोष्ट आदिवासींच्या जमिनीची. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ अन्वये अनुसूचित क्षेत्रात आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर आदिवासीस हस्तांतरित करता येत नाही, आणि अन्यत्र त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीवाचून झालेली खरेदी, किंमत पूर्ण दिली असली तरी, खरेदीदारास तारीत नाही.

खरेदीखत, साठेखत आणि मुखत्यारपत्र

जमीन कोणत्या प्रकारची आहे हे कळल्यानंतर कागदाचा विचार येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ या बाबतीत निःसंदिग्ध आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. विक्रीचा करार, ज्यास महाराष्ट्रात साठेखत म्हणतात, तो विक्री नव्हे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, अशा कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. विसार देऊन साठेखत करणाऱ्या माणसास फक्त एक मागणी करता येते, ती म्हणजे करार पुरा करून द्यावा ही. ही मागणी न्यायालयात तीन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आपण आपल्या बाजूने पैसे देण्यास सदैव तयार होतो हे सिद्ध करावे लागते. ज्याने विसार देऊन दहा वर्षे स्वस्थ बसणे पसंत केले, त्यास कायदा साहाय्य करीत नाही.

करारानुसार ताबा घेतला असल्यास कलम ५३-अ चे संरक्षण मिळते, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर असा करार नोंदणीकृत असल्याखेरीज हे संरक्षण मिळत नाही. शिवाय हे संरक्षण म्हणजे ढाल आहे. त्याने ताबा राखता येतो, मालकी मिळत नाही.

मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी दीर्घकाळ एक आडवाट वापरली गेली. खरेदीखत करावयाचे नाही. त्याऐवजी विक्रेत्याने साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून द्यावयाचे आणि पूर्ण किंमत घ्यावयाची. सुरज लँप या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये निर्णय दिला की, अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही. याचे कारण कागदांच्या स्वरूपातच आहे. मुखत्यारपत्राने प्रतिनिधी नेमला जातो, मालक नव्हे. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत ते केव्हाही बदलू शकतो. आणि साठेखताची मर्यादा वर सांगितलीच आहे. तीन दुर्बल कागद एकत्र बांधल्याने एक सबळ दस्त तयार होत नाही. वर कल्पिलेल्या निवृत्त कामगारास विक्रेता ‘खर्च वाचेल’ असे सांगून हा मार्ग सुचवीत असेल, तर त्याने आपली संपूर्ण पुंजी एका अशा हक्कासाठी द्यावयाची आहे, जो कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

खरेदीखत झाल्यावर ते करून दिल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावे लागते. नोंदणी झाली म्हणजे दस्ताचा परिणाम तो करून दिल्याच्या दिवसापासून होतो. नोंदणीपूर्वी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील मागील नोंदी पाहणे, म्हणजेच शोध घेणे, हे कंटाळवाणे परंतु अनिवार्य काम आहे. गहाणखत, पूर्वीची विक्री आणि पट्टा यांचा उलगडा त्यातून होतो. तथापि शोधाने सर्व काही कळत नाही. मूळ कागद बँकेत ठेवून केलेले गहाण कित्येकदा नोंदवहीत दिसत नाही. म्हणून मूळ कागद पाहावयास मागावेत. ते हरवले आहेत असे उत्तर आल्यास सावध व्हावे. मालमत्तेबाबत दावा चालू असल्यास, कलम ५२ अन्वये, दावा चालू असताना खरेदी करणारा त्या दाव्याच्या निकालाने बांधला जातो. त्यास दाव्याची माहिती नव्हती ही सबब चालत नाही.

नोंदणीनंतर नामांतरण येते. महाराष्ट्रात ज्यास फेरफार म्हणतात, तेच मध्य प्रदेशात नामांतरण. आणि महाराष्ट्रातील सातबाऱ्याचे काम तेथे मुख्यतः खसरा करतो. तहसीलदाराच्या वा महापालिकेच्या वहीत नाव लागले म्हणजे आपण मालक झालो, असे अनेक जण मानतात. सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे की, ही नोंद केवळ कर वसुलीसाठी असते. मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात २०२१ मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मांडले. मृत्युपत्राच्या आधारे नाव लावावयाचे आहे आणि त्या मृत्युपत्रावर वाद आहे, तर हक्क मागणाऱ्याने दिवाणी न्यायालयात जावे, महसूल अधिकाऱ्याने मालकीचा निर्णय करू नये, असा त्याचा आशय आहे. नामांतरण अवश्य करून घ्यावे. परंतु ते मालकीचा उगम नसून तिची नुसती नोंद आहे, हे विसरू नये.

वारसा आणि कुटुंबातील वाटे

जुन्या घराचा विक्रेता बहुधा एकटा मालक नसतो. घर वडिलांचे असते, वडील मृत्युपत्र न करता वारलेले असतात आणि थोरला मुलगा ‘सर्व व्यवहार मीच पाहतो’ असे सांगत असतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची स्वार्जित मालमत्ता त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांच्याकडे समान वाट्याने जाते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा वाटा लग्नामुळे संपत नाही. तिची सही नसलेल्या खरेदीखताने तिचा वाटा विकला जात नाही.

राहत्या घराच्या बाबतीत या कायद्यात एक अडसर होता. कलम २३ प्रमाणे, पुरुष वारस स्वतः वाटणी करीपर्यंत मुलीस राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम वगळण्यात आले. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस जन्मतःच मुलाप्रमाणे हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री यांना बाधा येत नाही. बहिणीस वाटा नको असेल तर तिने हक्कसोडपत्र करून द्यावे आणि ते नोंदवावे. भाऊबीजेच्या दिवशी तोंडाने दिलेला शब्द कुटुंबात मोलाचा असेल, कायद्यात त्याने हक्क सुटत नाही.

जबलपुरातील मराठी कुटुंबांच्या संदर्भात एक जुना प्रश्न उद्बोधक आहे. १९५६ पूर्वी हिंदूंचा वारसा प्रांताप्रांतांतील संप्रदायांनुसार ठरत असे. उत्तर भारतात मिताक्षरेचा बनारस संप्रदाय चाले आणि त्याप्रमाणे मुलीस बापाची मालमत्ता केवळ हयातीपुरती, मर्यादित हक्काने मिळे. मुंबई संप्रदायात मात्र मुलगी पूर्ण मालकीण होई. मग दक्षिणेतून नर्मदाकाठी येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबास कोणता कायदा लावावयाचा? न्यायालयांनी याचे उत्तर असे दिले की, स्थलांतर करणारे कुटुंब आपला वैयक्तिक कायदा आपल्याबरोबर आणते. त्याने नव्या प्रदेशाचा कायदा स्वीकारल्याचे सिद्ध होईपर्यंत मूळचाच कायदा त्यास लागू राहतो. त्यामुळे एकाच आळीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांत एका घरची मुलगी घर विकू शके आणि दुसऱ्या घरच्या मुलीने केलेली विक्री तिच्या मृत्यूनंतर दूरचे पुरुष नातलग न्यायालयात हाणून पाडू शकत. १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ ने स्त्रियांचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत परिवर्तित केला आणि हा भेद मिटविला. परंतु शंभर वर्षांचे कागद तपासताना त्याची आठवण ठेवावी लागते.

सामायिक घराचा अविभक्त वाटा परक्याने विकत घेतला तर काय होते? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात अशा परक्यास इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावल्यास, १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार कुटुंबातील भागीदारास तो वाटा मूल्यांकनाच्या किमतीस घेऊन टाकता येतो. एका भावाकडून ‘अर्धे घर’ स्वस्तात घेणाऱ्याच्या हाती पुष्कळदा घर येत नाही, दावा येतो.

वृद्धांच्या दृष्टीने बक्षीसपत्राचा विषय सर्वांत नाजूक आहे. मृत्युपत्र बदलता येते. बक्षीसपत्र नोंदवून स्वीकारले गेले की सहसा परत घेता येत नाही. म्हातारपणी सांभाळ होईल या आशेने आईवडील राहते घर मुलाच्या नावे करून देतात, आणि पुढे त्यांच्यावरच घर सोडण्याची वेळ येते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ ने यावर उपाय दिला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले दान, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण रद्द करू शकते. मध्य प्रदेशातील एका आईने २०१९ मध्ये मुलास घर दिले होते. तिचे प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते बक्षीसपत्र रद्द करून ताबा तिला परत देण्याचा आदेश झाला. तथापि सांभाळाची अट लेखी नसल्यास ती सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून दान द्यावयाचेच असेल तर ती अट कागदावर असावी.

घरमालक आणि भाडेकरू

विकत घेतलेल्या घरात भाडेकरू असेल तर खरेदीदार मालक होतो, परंतु त्या घरात राहू शकेलच असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश निघाला. विदर्भात तो महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा अंमलात येईपर्यंत चालू राहिला. तेथे घरमालकास भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. जबलपुराकडे मात्र १९६१ चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण कायदा आला आणि त्याने वेगळी चौकट घातली.

या कायद्याच्या कलम १२ मध्ये भाडेकरूस काढण्याची कारणे मोजून दिली आहेत. भाडे थकणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकास स्वतःच्या निवासासाठी खरीखुरी गरज असणे आणि त्याच शहरात दुसरी सोयीची जागा नसणे, इमारत राहण्यास धोक्याची होणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. थकबाकीच्या बाबतीत भाडेकरूस नोटीस पोचल्यापासून दोन महिन्यांची मुदत मिळते. दावा लागल्यानंतरही समन्स पोचल्यापासून एक महिन्याच्या आत थकबाकी न्यायालयात भरली आणि पुढे दरमहा भाडे भरीत राहिले, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून त्यास बाहेर काढता येत नाही. ही सवलत पुनःपुन्हा भाडे थकविणाऱ्यास मिळत नाही. खरेदीदाराने ध्यानात ठेवावे असे एक बंधन याच कलमात आहे. भाडेकरूसह घर घेणाऱ्यास, स्वतःच्या गरजेचे कारण सांगून दावा लावण्यासाठी, घर घेतल्यापासून एक वर्ष थांबावे लागते.

१९८३ मध्ये या कायद्यात एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. निवृत्त शासकीय कर्मचारी, विधवा व घटस्फोटित स्त्रिया, अपंग व्यक्ती अशा काही वर्गांतील घरमालकांना दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाऊन गरजेच्या कारणावरून घर मागता येऊ लागले. अशा अर्जास विरोध करण्याकरिता भाडेकरूस प्रथम परवानगी मागावी लागते. पतीच्या पश्चात एका खोलीत राहून उरलेल्या घराच्या अल्प भाड्यावर दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही तरतूद मोठी आहे.

इमारतच पडली तर? २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर जबलपुरास भूकंपाचा तीव्र धक्का बसला आणि जुनी घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. अशा वेळी भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होतो अशी घरमालकांची समजूत असते. मालमत्ता हस्तांतरण कायदा असे म्हणत नाही. आगीने, वादळाने वा अन्य अनिवार शक्तीने जागा निरुपयोगी झाली, तर पट्टा संपविण्याचा पर्याय तो भाडेकरूस देतो. भाडेपट्ट्यात जमिनीचाही अंतर्भाव असल्याने नुसती इमारत पाडली गेल्याने तो संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. दुरुस्तीसाठी वा पुनर्बांधणीसाठी जागा रिकामी करून घेतली असल्यास, भाडेकरूस पुन्हा जागा मागण्याची तरतूदही १९६१ च्या कायद्यात आहे.

नव्या वसाहती आणि सदनिका

शहराच्या सीमेवर शेतजमिनीचे तुकडे पाडून भूखंड म्हणून विकले जातात. मध्य प्रदेश महानगरपालिका कायद्यानुसार वसाहत उभारणाऱ्याने नोंदणी करून आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि बेकायदा वसाहत निर्माण करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. परंतु शिक्षा विकणाऱ्यास होते आणि रस्ता, पाणी, गटार यांवाचून राहण्याची पाळी घेणाऱ्यावर येते. भूखंडाचे खरेदीखत नोंदले गेले, एवढ्यावरून वसाहत मंजूर आहे असे ठरत नाही, कारण खरेदीखत नोंदविणे आणि आराखडा मंजूर करणे ही दोन वेगळ्या कार्यालयांची कामे आहेत. शासनाने १९८४ च्या कायद्याने शहरांतील भूमिहीनांना कमाल ५० चौरस मीटरपर्यंत पट्टे दिले. तो पट्टा त्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे म्हणून आहे, विकण्यासाठी नाही. झोपडवस्तीतील असा पट्टा ‘स्वस्तात’ विकत घेणाऱ्याच्या हाती कागदाखेरीज काही लागत नाही.

सदनिका घेणाऱ्यांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला बोलण्यात ‘रेरा’ म्हणतात, महत्त्वाचा आहे. तो १ मे २०१७ पासून पूर्णतः अंमलात आला. पाचशे चौरस मीटरहून अधिक जमिनीचा किंवा आठाहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदविल्यावाचून विकता येत नाही. लेखी करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशांतील सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा वेळेवर न मिळाल्यास पैसे व्याजासह परत मागता येतात, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात रचनात्मक दोष आढळल्यास तो विकसकाने स्वखर्चाने दूर करावा लागतो. जबलपूरच्या खरेदीदाराने तक्रार भोपाळच्या प्राधिकरणाकडे करावयाची असते. विकास प्राधिकरणे आणि गृहनिर्माण मंडळे यांसारख्या सरकारी संस्थाही ग्राहकाप्रती उत्तरदायी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ठरवून दिले आहे.

ताबा आणि काळ

अखेरचा मुद्दा काळाचा. मालकाच्या हक्कास विरोध करून, उघडपणे आणि अखंड बारा वर्षे ताबा ठेवला, तर मूळ मालकाचा हक्क नष्ट होऊ शकतो. सरकारच्या जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे. पूर्वी प्रतिकूल ताब्याचे हे तत्त्व फक्त बचावासाठी वापरता येते असे मानले जाई. २०१९ च्या निर्णयानंतर त्याच्या आधारे दावाही लावता येतो. मात्र भाडेकरूचा, राखणदाराचा किंवा मायेने राहू दिलेल्या नातलगाचा ताबा कितीही वर्षांचा असला, तरी तो परवानगीचा ताबा आहे आणि परवानगीच्या ताब्यातून मालकी उगवत नाही. दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या घरमालकाने म्हणूनच राहणाऱ्याकडून लेखी करारपत्र घ्यावे, कर आपल्या नावे भरावा आणि वर्षातून एकदा तरी घर पाहावे. कोणी बळजबरीने ताबा हिसकावला, तर सहा महिन्यांच्या आत, मालकी सिद्ध न करताही, विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ताबा परत मागता येतो. ही मुदत गेली की मालकीचा दीर्घ दावा उरतो.

आरंभी कल्पिलेल्या निवृत्त कामगाराकडे आता परत वळावे. त्याने काय करावयाचे? जमीन नझूल आहे, छावणीची आहे की भूमिस्वामी हक्काची, हे प्रथम पाहावे. तीस वर्षांच्या मागील नोंदींचा शोध घ्यावा. सर्व वारसांच्या, विशेषतः बहिणींच्या, सह्या मागाव्यात. घरात कोण राहतो आणि कोणत्या नात्याने, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. आणि पूर्ण किंमत नोंदणीकृत खरेदीखताच्या वेळीच द्यावी. या कामांस काही आठवडे आणि थोडा खर्च लागतो. जबलपूरच्या न्यायालयांत अशा घरांचे दावे चालविणाऱ्या कुटुंबांना विचारल्यास, हे आठवडे त्यांना आज फार थोडे वाटतील.